हौद दाखवण्याआधी कळशी उचलू द्या

शाळांमध्ये सध्या सहलीची ठिकाणं ठरतायत, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

गंज पेठेतल्या महात्मा फुले वाड्यात मी मुलांना दोनदा नेलं. पहिल्यांदा नेहमीसारखंच. रांगेत चला, हात लावू नका, चित्रं बघा, समाधीला नमस्कार करा, फोटो काढा. वीस मिनिटांत मुलं परत बसमध्ये. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, तर कुणालाच काही सांगता येईना. मला फार वाईट वाटलं.

गेल्या वर्षी आठवीला नेलं, तेव्हा आदल्या दिवशी मैदानावर कळश्या मांडल्या. नळापासून वर्गापर्यंत प्रत्येकानं तीन खेपा करायच्या, पाणी सांडायचं नाही. दुसऱ्या खेपेलाच मुलांचे हात भरून आले. तिसरी खेप झाल्यावर मी एवढंच म्हटलं, "आता समजा, इतकं चालून पाण्यापाशी पोचलात आणि तुम्हाला कुणी भरूच दिलं नाही."

मग वाड्यात गेलो. १८६८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही पुस्तकातली एक ओळ. पण त्या दिवशी मुलं तिला सोडायलाच तयार नव्हती. मग घरात पाणी कमी नाही पडलं? शेजारी बोलायचे का त्यांच्याशी? दुखऱ्या खांद्यांनी विचारलेले प्रश्न होते ते.

जुन्या वास्तूला हात लावू देत नाहीत, हे योग्यच आहे. पण कळशी, पाटी-पेन्सिल, जातं आपलं आपण जमवता येतं. वॉटरपार्कच्या तिकिटांपेक्षा खूप कमी खर्चात होतं. वेळ मात्र द्यावा लागतो. एका दिवसात पाच ठिकाणं उरकायचा हट्ट सोडा, एवढीच सहकारी शिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती.

शेवटी अंगणात बसून मुक्ता साळवेचा निबंध वाचला. फुल्यांच्या शाळेत शिकलेली ही मातंग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची. आमच्यात वाचणारी मुलगीही तेवढीच. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, असं मुक्तानं लिहिलंय, तिथे ती थांबली. पुढचं वाक्य शेजारच्या मुलीनं वाचलं.