अकरावा सेल

नवले पुलाच्या चढावर माझी इलेक्ट्रिक स्कूटर बंद पडली, तेव्हा पडद्यावर २३ टक्के चार्ज दिसत होता. पेट्रोल संपलं असतं तर निदान शिव्या कुणाला घालायच्या ते तरी कळलं असतं.

वर्कशॉपमधल्या पोराने लॅपटॉप जोडला. "काका, १६ सेल सिरीजमध्ये आहेत. १५ ठणठणीत. अकरावा लोड आला की २.५ व्होल्टवर बसतो. मग बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, सगळ्यांचीच लाइन तोडतो."

म्हणजे पंगतच की! एक उठला की सगळे उठले. चार्जिंगलाही तेच. एकाचं पोट ३.६५ व्होल्टला भरलं की वाढपी सगळ्यांचंच थांबवतो. अकरावा अर्धपोटी.

"मग त्याला एकट्याला वाढा ना!"

"या बीएमएसला ते जमत नाही. भरलेल्यांचं थोडं थोडं रेझिस्टरमधून जाळायचं, तोवर तो वर येतो. हेच बॅलन्सिंग."

ढेकर दिलेल्या १५ जणांना अंगणात पळायला लावायचं आणि तेवढ्यात अकराव्याच्या पानात दोन घास टाकायचे. आमच्या घराण्यात मालमत्तेच्या वाटण्याही साधारण अशाच झाल्या.

"काका, प्लग ८० टक्क्यांनाच काढता का?"

"म्हणजे काय! नेमाने!" मी छाती फुगवून म्हणालो.

"हे सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे. मधे व्होल्टेज सपाट असतं, कोण मागे राहिलाय ते शेवटी शेवटीच कळतं. बॅलन्सिंग सुरू व्हायच्या आतच तुम्ही प्लग काढत होता."

दोन वर्षं संकष्टीसारखं पाळलेलं व्रत! तेही मोबाईलसाठी आलेला सल्ला वाचून.

अकराव्यात आणि बाकीच्यांत चार्जचा फरक दोन अँपिअर-अवरचा, आणि जाळायचा वेग ५० मिलिअँपिअर. हिशेब आला ४० तास. "चार्जरला लावून ठेवा आणि विसरा," पोरगा म्हणाला. विसरतो कसला! दर अर्ध्या तासाला ॲप उघडून मी अकराव्याचे मार्क बघत होतो. ३.४१. ३.४४. "अहो, मुलीच्या दहावीलासुद्धा एवढं जागला नव्हता," ही म्हणाली.

दुसऱ्या रात्री ३.५२ आले. पहाटे बघतो तर आकडे हलेचनात. चप्पल घालून खाली पळालो. सॉकेटमध्ये वॉचमनचा चार्जर.

"साहेब, गाडी कालपासून १०० दाखवत होती, म्हटलं झाली असेल."

त्याच्या मोबाईलवर ८० टक्के झाले होते. त्याने लगेच प्लग काढला.