आत्याची गोळी आणि न धुतलेली कोथिंबीर

‘दूध सोडा, साबण सोडा, डॉक्टर आपोआप सुटेल’ अशा मथळ्याचा नऊ कलमी मेसेज गेले कित्येक महिने फिरतोय. माझ्याकडे तो चार ग्रुपांवर आला आणि चारही वेळा मी न वाचता पुढे गेलो. मागच्या आठवड्यात आत्याकडे गेलो, तर फ्रिजच्या दारावर त्याचा प्रिंटआउट लावलेला. तिसऱ्या कलमाखाली लाल पेनाने रेघ.

आत्या चौसष्टची, मधुमेही, जन्मापासून शाकाहारी. गेले पाच महिने तिने दूध, दही, ताक सगळं बंद केलंय. त्याला माझी हरकत नाही. हरकत त्या लाल रेघेला आहे, कारण तिच्या भरवशावर बाईंनी डॉक्टरांनी दिलेली, नसांना लागणाऱ्या बी-१२ जीवनसत्त्वाची गोळीही बंद केली. आता संध्याकाळी तळपायांना मुंग्या येतात आणि चप्पल पायातून निसटली तरी चार पावलं कळत नाही. आत्या, हे तुझ्यासाठीच लिहितोय. चष्मा टीव्हीवर आहे.

ते तिसरं कलम असं: ‘बी-१२ ही मातीतल्या जिवाणूंची देणगी. आपले पूर्वज भाज्या धुवत नसत, म्हणून त्यांना कमतरता नव्हती. कोथिंबीर, पालेभाज्या न धुता खा. इडली, आंबोळी, कांजी खा. गोळ्या हा कंपन्यांचा धंदा.’

पहिलं वाक्य खरं आहे, आणि तीच पंचाईत आहे. बी-१२ ना झाड बनवतं ना जनावर, ते जिवाणूच बनवतात. पण म्हणून मंडईतल्या कोथिंबिरीच्या काडीला चिकटलेल्या चिखलातून तुमची रोजची गरज भागेल, हे कुणी मोजलं? त्या चिखलातून काय मिळू शकतं ते मात्र माहीत आहे. विषमज्वर, कावीळ, जंत. लोक ज्याला ‘कोबीतला किडा मेंदूत गेला’ म्हणतात, ती खरं तर फीतकृमीची अंडी असतात. मैला मिसळलेल्या पाण्यावर भाजी पिकली की ती पानावर येतात, पोटात जातात, त्यांतून निघालेल्या अळ्या काही वेळा मेंदूत जाऊन बसतात आणि माणसाला फिट्स येतात. त्यापेक्षा कोथिंबीर तीन पाण्यांतून काढायला लागणारी दोन मिनिटं परवडली.

पूर्वजांचं रक्त कुणी तपासलं नव्हतं, त्यामुळे त्यांना काय होतं नि काय नव्हतं हे छातीठोक सांगणं सोपं आहे. आपलं मात्र तपासलंय, तेही पुण्यात. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या ४४१ धडधाकट मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासून २००६ साली निष्कर्ष छापले. त्यात खेड्यातले होते, झोपडपट्टीतले होते, शहरी मध्यमवर्गीयही होते. शंभरातल्या ६७ जणांत बी-१२ कमी निघालं आणि शहरी मध्यमवर्गात ८१ जणांत. हे लोक काही व्हेगन, म्हणजे दूधदुभतंही न खाणारे, म्हणून निवडलेले नव्हते, तुमच्या-आमच्या घरांतलेच. मातीतल्या आणि इडली आंबवणाऱ्या जिवाणूंनी काम भागत असतं, तर हे आकडे आले नसते. शाकाहारी माणसाला त्यातल्या त्यात आधार असतो तो दुधाताकाचा, आणि आत्याने नेमका तोच काढून घेतला.

त्यात ती मेटफॉर्मिन घेते. मधुमेहाची ही गोळी वर्षानुवर्षं चालली की आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. डॉक्टरांनी ती दुसरी गोळी याचसाठी दिली होती, कुणाचा धंदा चालावा म्हणून नाही. आणखी एक मेख आहे. पालेभाज्यांत फोलेट हे दुसरं ब-जीवनसत्त्व भरपूर असतं. ते रक्त सावरून धरतं, हिमोग्लोबिन ठीक दिसतं, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. ‘माझं रक्त तर एकदम छान आलंय’ म्हणून स्वस्थ बसू नये ते यासाठी. आणि स्पिरुलिनाच्या डब्यावर बी-१२ लिहिलेलं असतं, त्यातलं बरंचसं शरीराला न वापरता येणारं, नुसतं सारखं दिसणारं रसायन असतं.

सगळ्यात गंमत म्हणजे ज्या इंग्लंडातल्या व्हेगन सोसायटीने १९४४ साली हा शब्द चालवायला घेतला, तीच आपल्या लोकांना सांगते की बी-१२ घातलेले पदार्थ खा, नाहीतर रोज किमान १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या. हा मेसेज लिहिणारा त्यांच्यापेक्षाही कट्टर दिसतोय. अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायचं ते किती!

बाकीची कलमं भराभर घेतो.

सातवं मात्र भराभर घेता येत नाही. ‘नैसर्गिक बाथरूम क्लीनर: व्हिनेगर, लिंबू, खायचा सोडा आणि चमचाभर ब्लीचिंग पावडर.’ ब्लीचिंग पावडर नैसर्गिक कधीपासून झाली? तिच्यावर आंबट काहीही पडलं की क्लोरीन वायू सुटतो, तोच जो पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सोडला होता. तो हवेपेक्षा अडीचपट जड, म्हणजे खाली साचतो. आणि आपल्याकडे मोरी घासायची ती उकिडवं बसून, दार लोटून. पावडर वगळली तरी व्हिनेगर आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात. फेस येतो, मळ जागेवरच राहतो. वेगवेगळे वापरा, दोन्ही उपयोगी आहेत.

पाचवं, शेंगदाण्याचं दूध. ‘वाटीभर दाणे, लिटरभर पाणी, कॅल्शियम गाईच्या दुधाइतकं.’ हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते उघडा. १०० ग्रॅम दाण्यांत कॅल्शियम ५४ मिलिग्रॅम. ते लिटरभर पाण्यात पसरलं की पेल्याला जेमतेम ११ येतं. गाईच्या दुधाच्या पेल्यात सव्वादोनशेच्या वर. गाळून उरलेला चोथा फेकलात तर आणखी कमी. चटणीत दाणे घाला, दुधाचा आव नको.

पण त्याच तक्त्यात नाचणी ३६४ वर आहे आणि तीळ हजाराच्या पुढे, तेव्हा चौथं कलम, ‘नाचणीची आंबील आणि तिळाची चटणी रोज’, निमूटपणे मान्य. ‘शंभर रुपयांत चौघांचं जेवण’ हेही होतं, त्यात शोध कसला? झुणका-भाकर, मटकीची उसळ, चिंच-गुळाची आमटी, ठेचा. आजीच्या घरी महिन्यातले वीस दिवस हेच होतं, फक्त त्याला कुणी व्हेगन म्हणत नव्हतं.

रिठ्याचं कलमही बरं आहे. रिठ्यात फेस आणणारं सॅपोनिन असतं, लोकर आणि रेशीम त्याने छान निघतं. रोजचे तेलकट टॉवेल आणि मुलांचे गणवेश मात्र निघत नाहीत, हे मी करून पाहिलंय. तांब्याचे तांबे चिंच-मिठाने लखलखतात हे सांगायला मेसेज लागला, यावर काय बोलणार.

संत्र्याच्या सालींचं ‘एन्झाइम’, म्हणजे एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवायचं. आंबूस पाणी होतं, फरशी पुसायला चालतं, वास चांगला येतो. ते जंतुनाशक नाही आणि मेसेज म्हणतो तसा ओझोनचा थर तर मुळीच भरून काढत नाही. पहिला महिनाभर बाटलीचं झाकण रोज सैल करा. आमच्या शेजारी एक बाटली फुटलीय, छतावर सालीचे डाग अजून आहेत.

तर आत्या, शनिवारी सकाळी सातला रक्त घ्यायला माणूस घरी येईल. गोळी किती, का इंजेक्शन, ते रिपोर्ट बघून तुझे डॉक्टर ठरवतील. दूध नको तर नको, मी आग्रह करणार नाही. साखरही तपासायची आहे, तेव्हा तो येईपर्यंत उपाशी राहा. कोरा चहासुद्धा नको.