पुळणीवरचे पाय

काल फुटबॉलची मॅच संपल्यावर पोरं सुरूंच्या सावलीत पाणी प्यायला पळाली आणि मी वेंगुर्ल्याजवळच्या सागरेश्वर किनाऱ्याच्या पुळणीवरच रेंगाळलो. सुकती, म्हणजे ओहोटी होती. वाळू ओली, घट्ट, आणि अख्खा खेळ तिच्यात उमटलेला. मधला पट्टा नांगरल्यासारखा तुडवलेला. दोन्ही कडांना चवड्यांचे लांब लांब ठसे, टाच कुठे टेकलेलीच नाही. आणि आमच्या गोलसमोर, माझ्या जागेवर, नुसते खळगे. गर्रकन वळल्याचे, उलट्या पावली मागे सरकल्याचे, हेडर मारून खाली आल्याचे.

मी स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू. जन्मभर ऐकतोय, "तू नुसतो उभो रवतस." आता त्यात धावलेले किलोमीटर मोजणाऱ्या घड्याळाची भर. (मॅचमध्ये घड्याळाला बंदी असते, पण पुळणीवर रेफ्री आमचाच.) भाचा राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू. आल्या आल्या मनगट नाचवतो, "मामा, माजे सात, तुजे?"

अरे बाबा, व्यावसायिक खेळाडूसुद्धा 90 मिनिटांत साधारण 10 ते 12 किलोमीटर काटतो, त्यातही बराचसा भाग चालणं आणि हळू पळणं. सगळ्यात जास्त अंतर बहुधा मधल्या फळीचं, गोलकीपर सोडला तर सगळ्यात कमी स्टॉपरचं. क्रोएशियाचा मिडफिल्डर ब्रोझोविच 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये जपानविरुद्ध 16 किलोमीटरच्या वर धावला, हे सगळे सांगतात. ती मॅच 120 मिनिटं चालली होती, हे कोणी सांगत नाही. ताशी 25 किलोमीटरच्या वरचा खरा स्प्रिंट बघायला गेलं तर तो दोन-चार सेकंदांचा असतो, सगळे मिळून काहीशे मीटर भरतात. त्यात कडेने खेळणारे पुढे. म्हणजे भाच्याने मिरवायचंच तर तिथे मिरवावं, सातच्या आकड्यावर नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. आमच्याकडे टूर्नामेंट आली की कोच सगळ्यांना, अगदी गोलकीपरलासुद्धा, सुक्या वाळूतून पाच किलोमीटर पळवतो. सुक्या वाळूत पळायला घट्ट जमिनीच्या दीडपटीहून जास्त ताकद लागते, पोरं धापा टाकतात, कोच खूश. पण पाय रुतत असताना पूर्ण वेग लागतच नाही. गेल्या वर्षी महिनाभर वाळूत घोटलेला आमचा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा, तांबड्या मातीच्या मैदानावर पहिल्याच स्प्रिंटला मांडी धरून बसला. दोष वाळूचाच, असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार. पण त्या महिन्यात तो एकदाही घट्ट जमिनीवर जीव तोडून तीस मीटर पळाला नव्हता, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मिडफिल्डरला पळवा की लांब. विंगरला तीस-तीस मीटर सोडा आणि परत येताना चालू द्या. मला वळायला लावा, उड्या मारायला लावा, दहा मीटर झेप घ्यायला लावा.

काल कोचला हात धरून ते खळगे दाखवले. त्याने वाकून बघितले, मान हलवली आणि म्हणाला, "पयले पाच किलोमीटर धाव, मगे बोल."