यूपीआयवर अठरा टक्के कर लागत नाही

मिरजेच्या बाजारात भाजी विकणाऱ्या माझ्या मावशीने गेल्या आठवड्यात गाड्यावरचा क्यूआर कोड खरवडून काढला. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात एक संदेश आला होता: दोन हजारांवरील प्रत्येक यूपीआय व्यवहारावर १८ टक्के जीएसटी बसणार, तो विक्रेत्याच्या खात्यातून कापला जाणार, भाजीवाल्यांनाही नोटिसा येणार, तेव्हा सर्वांनी रोखच घ्यावे.

यातला पहिला दावा धादांत खोटा आहे. असा कोणताही प्रस्ताव सरकारपुढे नाही, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने १८ एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले आणि कारणही दिले. जीएसटी लागतो तो व्यवहारासाठी आकारल्या जाणाऱ्या शुल्कावर, म्हणजे दुकानदाराकडून घेतल्या जाणाऱ्या एमडीआरवर; आणि विक्रेत्याला केलेल्या यूपीआय व्यवहारांवरचा एमडीआर जानेवारी २०२० पासून काढून टाकलेला आहे. शुल्कच नाही, तर अठरा टक्के काढायचे कशाचे? संदेशात तीन हजारांच्या भाजीवर ५४० रुपये कराचा हिशेब मांडला आहे. ताज्या भाजीवर मुळात जीएसटी नाही आणि पैसे रोख दिले की फोनवरून, यामुळे मालावरचा कर बदलत नाही, इतकी साधी गोष्टही कोणी तपासली नाही. कर नाही, त्यामुळे खात्यातून कापण्याचा प्रश्नही उरत नाही.

दोन हजारांचा आकडा बहुधा वॉलेटच्या, म्हणजे ॲपमध्ये आधीच पैसे भरून ठेवलेल्या पाकिटाच्या, नियमातून आला असावा. एप्रिल २०२३ पासून वॉलेटमधून दुकानदाराला दिलेल्या दोन हजारांवरील रकमेवर १.१ टक्क्यापर्यंत इंटरचेंज शुल्क (बँका आणि पेमेंट कंपन्यांमध्ये आपसांत दिले जाणारे शुल्क) आहे, पण ते ग्राहक भरत नाही आणि थेट बँक खात्यातून दिलेल्या पैशांना ते लागू नाही.

नोटिसांबद्दल मात्र एवढे मान्य करावे लागते की जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयवरील जमा पाहून छोट्या विक्रेत्यांना खरोखरच नोटिसा गेल्या होत्या, आणि मिरजेहून कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर असल्याने ती धास्ती इकडे पोचणे स्वाभाविक होते. परंतु मालविक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची आहे, आणि जो केवळ करमुक्त माल विकतो त्याला नोंदणीचीच गरज नाही. शिवाय उलाढालीत रोख विक्रीही धरली जाते, म्हणून क्यूआर कोड काढल्याने करातून सुटका होत नाही.

मावशीचे नुकसान मात्र झाले. आठवड्याची भाजी नेणारे खानावळवाले शनिवारी फोनवरून पैसे देत असत. रोख जवळ नाही म्हणून त्यांनी या आठवड्यात दुसऱ्या गाड्यावरून भाजी घेतली.