सत्तावीस दिवसांनी येणारी सम

माझ्या भाचीने ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यापासून आमच्या घरातला एकही आवाज साधा राहिलेला नाही. पंख्याची कुरकुर ही तिच्या मते तक्रार नसून ‘टेक्स्चर’ असते आणि फ्रीज कोणत्या स्वरात घरघरतो हे ती पाहुण्यांनाही सांगते. गेल्या रविवारी सकाळी ती लॅपटॉप, दोन स्पीकर आणि उशीएवढे हेडफोन घेऊन आली आणि म्हणाली, “मामा, तू तबला शिकलायस ना? मग तुला हे कळेलच.” लहानपणी मी तीन वर्षे तबला शिकलो आणि प्रवेशिका प्रथम या सुरुवातीच्या परीक्षेच्या पुढे गेलो नाही, ही गोष्ट नातेवाइकांत इतक्या वर्षांत फुगत जाऊन आता मी जवळजवळ साथसंगत करीत असे येथवर पोहोचली आहे; ती खोडून काढण्याचा आळस मला त्या दिवशी भोवला.

तिने आणलेला अल्बम ब्रायन ईनो या इंग्रज कलावंताचा होता. ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ हे त्याचे नाव, साल 1978. जर्मनीतल्या कोलोन-बॉन विमानतळावर ताटकळत बसला असताना ईनोला ही कल्पना सुचली, आणि पुढे 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरच्या एका टर्मिनलमध्ये हे संगीत खरोखर लावलेही गेले. त्यातल्या चार रचनांना नावे नाहीत. 1/1, 2/1, 1/2 आणि 2/2 असे अपूर्णांक आहेत. तबकडीच्या कोणत्या बाजूची कितवी रचना एवढाच त्यांचा अर्थ असल्याचे भाचीने समजावले, परंतु शाळेत जडलेली सवय जात नाही. मी मनातल्या मनात संक्षिप्त रूप दिले, तेव्हा पहिली आणि चौथी रचना एकच निघाली, आणि पाव अल्बम वाचला म्हणून मला हायसे वाटले.

पहिली रचना स्पीकरवर सुरू झाली. पियानोवर चार-दोन सूर वाजले, थांबले, पुन्हा जवळजवळ तसेच वाजले. मी मांडी ठोकून बसलो आणि बोटे आपोआप गुडघ्यावर गेली. आमच्या कानांना एकच शिस्त लागलेली आहे : कुठूनही निघा, कितीही भटका, पण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, या. अतिविलंबित एकतालाचे मिनिटभर चालणारे आवर्तनही, म्हणजे समेपासून समेपर्यंतचा एक फेराही, मी श्वास रोखून काढलेले आहे, कारण शेवटी सगळ्या सभागृहाची मान एकदम खाली जाणार याची हमी असते. रूपक तालात तर समेलाच खाली, म्हणजे टाळीऐवजी मोकळा हात, असते, तीही आम्ही पचवली. येथे मात्र सुमारे सतरा मिनिटे मान तयार ठेवूनही ती खाली घालण्याजोगी जागा सापडेना. तानपुरे लागले आहेत, बैठक भरली आहे आणि गवई गाडी चुकल्यामुळे येऊच शकलेला नाही, अशी काहीशी ती अवस्था होती.

माझी पत्नी शेजारी बसून मेथी निवडत होती. तिने या काळात दोन फोन घेतले, दूधवाल्याचे पैसे दिले आणि एकदा मान वर करून, “अजून सुरू नाही का झालं?” असे विचारले. त्यावर भाची आनंदाने म्हणाली की मामीच खरी श्रोती आहे. कारण हे संगीत जितके लक्ष देण्याजोगे तितकेच दुर्लक्ष करण्याजोगेही असले पाहिजे, असे ईनोनेच अल्बमसोबतच्या टिपणात लिहून ठेवले आहे. आता, ज्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते त्यासाठी मला रविवारी सकाळी दाढी करून का बसवले, हा प्रश्न मी विचारला नाही.

मग दुसऱ्या रचनेसाठी माझ्या डोक्यावर हेडफोन चढले. घड्याळात बरोबर अकरा वाजले होते. पत्नीने खाली भाजी आणायला जाताना, “अहो, डाळ लावलीय, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा,” असे सांगितल्याचे मला तिच्या ओठांवरून कळले आणि मी मान डोलावली. सकाळपासून मान हलवण्याची ती पहिलीच संधी होती. कानात बायकांचे आवाज सुरू झाले. शब्द नाहीत, सरगम नाही, नुसता ‘आ’कार. एक सूर लांबवर जाऊन विरायचा, मग शांतता, मग दुसरा, कधी दोन एकमेकांवर येऊन पडायचे. मी डोळे मिटले. आणि खोटे कशाला बोलू, कुठूनतरी फार दुरून एक तीव्र, उंच, थरथरता सूर आला तेव्हा माझ्या तोंडून “वा!” गेली. तो सूर थोड्या वेळाने पुन्हा आला. पुढे आणखी चार वेळा आला, दर वेळी वेगळ्या अंतराने, आणि दर वेळी मी दाद दिली. सातव्यांदा सुराबरोबर वासही आल्याने मी डोळे उघडले.

डाळ करपली, ती घासायची पाळी माझ्यावर आली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतर मिळालेल्या माहितीबद्दल. कुकर घासताना भाचीने सांगितले की या रचनेत प्रत्येक सूर टेपच्या वेगळ्या लांबीच्या पट्टीवर होता; पट्टीची दोन्ही टोके चिकटवून तिचे कडे केलेले, आणि ही लांबलचक कडी ध्वनिमुद्रक कॉनी प्लांक यांच्या जर्मनीतल्या स्टुडिओत ॲल्युमिनियमच्या खुर्च्यांभोवतून, चाळीतल्या कपड्यांच्या दोरीसारखी, फिरवलेली. एक कडे साडेतेवीस सेकंदांनी पुन्हा फिरून येई, दुसरे पंचवीस पूर्णांक सात अष्टमांश सेकंदांनी, तिसरे एकोणतीस पूर्णांक पंधरा षोडशांश सेकंदांनी. म्हणजे तीन गवई तीन तालांत, आणि तबलजी नाहीच.

परंतु ही तिन्ही कडी एकत्र निघाली असतील तर कधीतरी एकत्र येणारच. त्यालाच आम्ही सम म्हणतो, आणि ती काढण्याच्या रीतीला सातवीत लसावि म्हणत. मी हात पुसून कागद घेतला. सगळ्यांचे सोळांश केले : 376, 414 आणि 479. पहिल्या दोघांत निदान दोनचा तरी घरोबा निघाला, पण 479 ही मूळ संख्या निघाली, आणि मूळ संख्येची कुणाशीच सोयरीक जुळत नाही. लसावि आला 3,72,81,528. त्याचे सेकंद करून दिवस केले, तेव्हा सव्वीस दिवस, तेवीस तास आणि पंधरा मिनिटे झाली. चंद्र सत्तावीस नक्षत्रे हिंडून येतो जवळपास तेवढ्या वेळात त्या तीन बायका एकदा समेवर येतील. आणि रचना तर नऊ मिनिटांच्या आत संपते.

अकरापासून मोजले तर ती सम शनिवारी सकाळी सव्वादहाला पडते. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या चौकोनात ‘सम, 10.15’ असे लिहिले. संध्याकाळी पत्नीने विचारले, “हा सम कोण? समीर येणार आहे का जेवायला?”

रात्री भाचीचा निरोप आला. ईनोने हे आकडे एका व्याख्यानात सांगितले होते; तिने ते पुन्हा वाचून काढले. अपूर्णांक सांगताना त्याने पुढे ‘किंवा असे काहीतरी’ असे जोडले होते. सोळांशापर्यंत उतरून मग ‘किंवा असे काहीतरी’ म्हणणाऱ्या माणसाला आमच्या गुरुजींनी वर्गाबाहेर अंगठे धरून उभे केले असते.

नोंद मी अजून खोडलेली नाही. त्याच चौकोनात पत्नीने खाली ‘कुकरची रिंग’ असे लिहून ठेवले आहे.