‘चार कंदिलांनी काय आभाळ कोसळतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, ‘उडते कंदील सोडू नका’ या माझ्या म्हणण्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबलंय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ३१ डिसेंबरला सोसायटीच्या गच्चीवरून चार उडते कंदील सोडले तर काय आभाळ कोसळतं? पाकिटावर ‘पर्यावरणपूरक’ छापलेलं असतं. पुण्याच्या मुठा नदीतल्या सांडपाण्यावर लिहायचं सोडून मी लोकांच्या आनंदावर विरजण घालतोय आणि साध्या माणसांना गुन्हेगार ठरवतोय.

शेवटच्या आरोपापासून सुरुवात करतो. जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरात २०१९च्या ३१ डिसेंबरला एक आई आणि तिच्या दोन मोठ्या मुलींनी हाताने शुभेच्छा लिहिलेले पाच कंदील सोडले. त्यापायी प्राणिसंग्रहालयातलं वानरघर जळालं. ओरांगउटान, चिंपांझी, गोरिला, वटवाघळं, पक्षी धरून तीसहून जास्त जीव गेले. बातमी ऐकून त्या तिघी आपणहून पोलिसांकडे गेल्या. त्या प्रांतात असे कंदील २००९पासून बंद आहेत, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना मी तरी वाईट म्हणणार नाही. पण हेतू चांगला म्हणून आग कमी लागली नाही.

आता आपल्याकडचं. दिवाळीत टेकडीवरच्या गवतात थोडी तरी ओल असते. डिसेंबर संपेपर्यंत वेताळ टेकडी काय, तळजाई काय, सगळं गवत वाळून कोरडं झालेलं, एका ठिणगीची खोटी. आणि कंदील म्हणजे काय? पातळ कागद, खाली बांबूची नाहीतर तारेची कडी, मधोमध मेणात भिजवलेलं फडकं. मेण संपलं की तो खाली येणार, कुठे ते वारा ठरवणार. वाऱ्याने कलंडला तर जळताच येणार. कोथरूडच्या गच्चीवरून टेकडी किती लांब, तुम्हीच सांगा. पावसाळ्यात लोकांनी हौसेनं लावलेली रोपं वणव्यात पहिली जातात.

विझून पडला तरी तार उरतेच. गुरं वैरण आधी गिळतात, रवंथ नंतर. चाऱ्याबरोबर गेलेली तार जाळीपोटात, म्हणजे गुरांच्या पोटाच्या एका कप्प्यात, अडकते. त्याच्या पुढे एक पडदा आणि लगेच हृदय. तिथवर टोचली की जनावर सहसा वाचत नाही. पाकिटावर यातलं काही छापत नाहीत.

१५ ऑगस्टला आकाशात सोडतात त्या तिरंगी फुग्यांचंही तेच. रबराच्या चिकाचे, म्हणून कुजतात, असं दुकानदार सांगतो. संशोधकांनी असे फुगे खतात, गोड्या पाण्यात आणि समुद्राच्या पाण्यात १६ आठवडे ठेवून पाहिले, कुजले नाहीत. ‘पुण्याला समुद्र कुठाय?’ हा तुमचा टोला आवडला. समुद्र नाही, पण मुठेतला फुगा भीमेतून उजनी धरणाकडे जातो, आणि तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात.

सांडपाण्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण त्याला शुद्धीकरण केंद्रं, निविदा, महापालिका आणि वर्षानुवर्षं लागतात. कंदील न घ्यायला यातलं काहीच लागत नाही.

गच्चीवर आकाशकंदील खुशाल टांगा, दोरीला बांधलेल्यावर माझा कधीच आक्षेप नव्हता. मुलांना उडणारंच काही हवं असेल तर पुढे दोन आठवड्यांत संक्रांत आहेच. पतंगाला फक्त सुती दोरा घ्या. नायलॉनच्या मांजावरून आपण वेगळं भांडू.