सर्टिफिकेट आहे म्हणून केबल चांगली? हे काय पटलं नाही
लेखात म्हटलंय की अणुवीज प्रकल्पात टेस्ट सर्टिफिकेटशिवाय केबल आत जातच नाही, त्यामुळं काळजी नको. अहो पण सर्टिफिकेटच खोटं असलं तर? दक्षिण कोरियात 2013 ला हेच झालं की, कंट्रोल केबलचे (यंत्रणेला सिग्नल पोचवणारी केबल) टेस्ट रिपोर्ट बनावट निघाले आणि दोन चालू अणुभट्ट्या बंद कराव्या लागल्या. त्याचा साधा उल्लेख नाही.

मी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात सात वर्षं एक्सट्रूडरवर, म्हणजे तांब्याच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण चढवणाऱ्या मशीनवर होतो (आमची आपली पंपाच्या मोटारीची साधी पीव्हीसी केबल, अणुभट्टीची नव्हे). तांबं मधोमध बसलं नाही की एका अंगाला इन्सुलेशन जाड आणि दुसरीकडं कागदासारखं पातळ, आणि गंमत म्हणजे असली केबल स्पार्क टेस्टरमधनं (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासणारं यंत्र) बिनबोभाट पास होऊ शकते, कारण तो भोक पकडतो, पातळपणा नाही. ब्लेडनं चकती कापून भिंगाखाली धरली तरच कळायचं, नाइट शिफ्टला तेही राहून जायचं, खोटं कशाला बोलू. आमची केबल तासगावच्या बोअरमध्ये जळली तर शेतकरी चार शिव्या घालून दुसरी आणतो, अणुभट्टीत मात्र अपघात झाल्यावरही, वाफेत आणि रेडिएशनमध्ये, केबल चालायला पाहिजे.